दादाच्या डोक्याचा फोटो

आमच्या घरात कोणाला काय झालंय हे दादा ठरवतो. तापलेल्या माणसाच्या कपाळावर त्याने हात ठेवला आणि "हाय" म्हटलं, की मग तो ताप. तोवर थर्मामीटर काहीही दाखवो, ते नुसते नखरे. माझा हा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि नारपोलीतला कापड विणायच्या लूमचा कारखाना, खाडीकडची जमीन, आई आणि मी, सगळं त्याच्या अंगावर पडलं. त्याने ते निभावलं, त्यामुळे कपाळावर हात ठेवायचा मान त्याचाच, हे मला कबूल आहे. पण माझं जे बिघडलं ते हाताला लागणारं नव्हतं, आणि आमचं घोडं तिथे अडलं.

लूम आम्ही काही वर्षांपूर्वी भंगारात काढले. धंद्यात राम राहिला नव्हता. खाडीकडच्या भातशेतीवर तोवर गोडाऊनं उभी राहिली होती आणि त्यांचं भाडं येत होतं. कारखान्याला लागून असलेलं जुनं घर सोडून आम्ही गावाच्या बाहेरच्या बाजूच्या आळीत बंगला बांधला. खाली मार्बल, वर एसी, भोवती शांतता. लोक म्हणायचे, आता काय, बसून खायचं. बसून खायचे दिवस आले आणि मला खाणंच नकोसं झालं.

चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा ही माझी लहानपणापासूनची कमजोरी. वहिनीने तो केला की मी वासानेच स्वयंपाकघरात घुटमळायचो. त्या वर्षी ताट समोर आलं आणि मला काहीही झालं नाही. चव होती, तिखट होतं, वहिनीचा हात तोच होता. मी जेवलो, हात धुतला आणि खिडकीपाशी जाऊन बसलो. झोप तुटक झाली. गाडी चालवताना उगाच डोळे भरून यायचे, आणि पुसायचाही कंटाळा यायचा.

मग साडूच्या मुलीची हळद आली. आमच्या आगरी लोकांत लग्न एकवेळ चुकलं तरी चालतं, हळद चुकवायची नाही. बँडपुढे नाचणारा मी पहिला गडी. त्या दिवशी मी मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. लोकांनी लगेच निदान केलं: रुसला. का रुसला, तर पत्रिकेत नाव दोन ओळी खाली छापलंय. बिचारा साडू शाल घेऊन समजूत काढायला आला, भर मांडवात माझ्या खांद्यावर ती घातली, आणि मला हुंदका फुटला. झालं. बघा, शालीसाठीच अडलं होतं, असं म्हणून बँडवाल्याला पुन्हा इशारा झाला.

घरी आल्यावर दादाने आपला निकाल दिला.

"तुला सुख दुखतंय. दुसरं काय न्हाय."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण मलाही मनातून तेच वाटत होतं.

माझी बायको दिघाशी गावची, शेतात राबून वाढलेली. तिला आमच्या घरातल्या निकालांचा फारसा धाक नाही. गुडघे दाखवायला जातोय असं घरात सांगून ती मला ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे काउंटरवरच्या बाईने विचारलं, पेशंट कोण? मी बायकोकडे बघितलं. हे, असं ती म्हणाली, आणि मी मान खाली घालून गुडघा चोळला, जणू काउंटरवरच्या बाईलाही फसवायचं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. महिना-दीड महिन्याने त्यांचा उपयोग जाणवायला लागला. आनंद म्हणावा असं काही नाही, पण सकाळी उठून दात घासावेत असं आपणहून वाटायला लागलं. ज्याने ते दिवस काढलेत त्याला यातली गंमत कळेल.

याच डॉक्टरांनी मला त्या संशोधनाबद्दल सांगितलं. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात अशा आजाराच्या माणसांच्या, आणि तुलनेला निरोगी माणसांच्याही, मेंदूचे फोटो काढत होते, मशीनमध्ये झोपवून, हातात बटणं देऊन. येणार का, असं विचारलं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. विज्ञानाची सेवा वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. मला फोटो हवा होता. हाड मोडल्याचा एक्स-रे असतो तसा माझ्या डोक्याचा फोटो दादासमोर धरायचा आणि बोट ठेवून सांगायचं, हे बघ, इथे मोडलंय.

तिथे संशोधन करणारी मुलगी भेटली. माझ्या पुतणीच्या वयाची, मराठीच, आणि शिकलेली असूनही सरळ बोलणारी. तिने नीट समजावलं. काही चांगलं मिळणार अशी नुसती चाहूल लागली तरी मेंदूतला एक खोलवरचा भाग जागा होतो. या आजारात काही माणसांचा तो पुरेसा जागा होत नसावा, आणि सततच्या ताणाने तो आणखी सुस्तावतो का, हे त्यांना बघायचं होतं. चिंबोऱ्यांचं ताट समोर आलं तेव्हा माझ्या आत नेमकं काय झालं नव्हतं, ते ही मुलगी सांगत होती. तिला त्या ताटाबद्दल काही ठाऊक नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला ते ताट वर्णन करून सांगितलं, आणि तिने ऐकूनही घेतलं.

मग मी फोटोचं विचारलं. त्यावर ती म्हणाली, "काका, एकट्या माणसाच्या फोटोवरून हा आजार ओळखता येत नाही. खूप जणांचं एकत्र करून बघितलं तर थोडं काही दिसतं. तुमचा फोटो बहुतेक कुणाही चांगल्या माणसासारखाच दिसेल."

म्हणजे माझा पुरावा तिथेच बुडाला. मी सही केली आणि घरी आलो.

घरी तोफ तयारच होती. औषधाच्या दुकानदाराने दादाला हाक मारून सांगितलं होतं की भावाच्या गोळ्या आल्यात, घेऊन जा. कसल्या गोळ्या, गुडघ्याच्या का, असं दादाने विचारलं, आणि दुकानदाराने प्रामाणिकपणे खरं ते सांगितलं. अंगणात दादा तासभर बोलला. आमच्या घरातले सगळे मोठ्याने बोलतात. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. त्यामुळे सगळी आळी ऐकत होती. आपल्या सात पिढ्यांत डोक्याच्या गोळ्या कोणी खाल्ल्या नाहीत, तू वेडा आहेस का, पोरांची लग्नं कशी जमायची. शेवटी माझी बायको पदर खोचून पुढे झाली. भाऊजी, एवढं मोठं इस्पितळ यांच्या डोक्याचा फोटो काढतंय ते काय उगाच, तुलना करायला ते निरोगी माणसंसुद्धा बोलावतात, असं तिने सुनावलं.

निरोगी माणसं बोलावतात, हे दादाच्या कानात अडकलं.

"मंग मी येतो," तो म्हणाला. "एका आईच्या पोटचं आपण. माजा फोटो नि तुजा फोटो शेजारी शेजारी ठेवू. फरक न्हाय दिसला तर गोल्या बंद. बोल, कबूल?"

फरक दिसणार नाही हे मला माहीत होतं. इस्पितळातल्या त्या मुलीने आजच सांगितलं होतं. पण सगळी आळी बघत होती आणि मलाही आमचाच हट्टी स्वभाव मिळालाय. कबूल म्हटलं. आत गेल्यावर बायकोला खरं सांगितलं, तर ती पलंगावर बसूनच राहिली. गोळ्या सोडल्या तर मी पुन्हा त्या खिडकीपाशी जाणार हे आम्हां दोघांनाही दिसत होतं.

दादाला मात्र कोण आनंद! निरोगी म्हणून मुंबईच्या इस्पितळात बोलावणं म्हणजे त्याला पंचायतीने पुढच्या खुर्चीत बसवल्यासारखं वाटलं. नाक्यावरच्या चहावाल्यापासून गोडाऊनच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना खबर गेली. नमुना म्हणून डॉक्टर लोक माझं डोकं बघणार आहेत, असं तो सांगत फिरला. ठरलेल्या दिवशी तो कडक पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात सोन्याचा गोफ आणि हातात कडं घालून गाडीत बसला. मशीनमध्ये मोठं चुंबक असतं, काही घालून चालत नाही, असं मी सांगितलं. सोनं चुंबकाला चिकटत नाही एवढं मला कळतं, असं म्हणून त्याने गाडी काढली.

इस्पितळात आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मशीनच्या आधी नव्या माणसाची तासभर मुलाखत असते, म्हणून मुलीने आधी दादाला एका खोलीत नेलं आणि मला दुसरीकडे बसवलं; ते आटोपून ती माझ्याकडे आली.

मला नळीसारख्या मशीनमध्ये सरकवलं. डोक्याभोवती पिंजरा, कानांवर हेडफोन, डोळ्यांपुढे एक आरसा आणि त्यात पडदा. आधी खेळ होता. खूण दिसली की झटकन बटण दाबायचं, वेळेत दाबलं तर बक्षीस. मी दाबत गेलो. जिंकलो तेव्हा फार काही वाटलं नाही, पण आधीच्या वर्षीइतकं शून्यही नव्हतं. मग गणितं आली. ती मुद्दाम अशी रचली होती की जमूच नयेत, आणि वर पडद्यावर शेरे: तुम्ही मागे पडताय, इतरांचं तुमच्यापेक्षा बरं चाललंय. माणसाला ताण यावा म्हणून ही सोय. मला हसू आलं. असले शेरे मी दादाकडून पन्नास वर्षं ऐकतोय, पडदा त्या मानाने फार सभ्य होता.

शेवटी फक्त पडून राहायचं होतं. डोळे उघडे ठेवा, मधल्या खुणेकडे बघा, आवाज मोठा येईल, घाबरू नका, असं मुलीने बजावलं. आणि मशीन सुरू झालं.

खटाक खट, खटाक खट, एका तालात, अंगाला हादरे बसतील असं. मला काही कळायच्या आत माझे खांदे सैल झाले. हा आवाज मी आईच्या पोटात असल्यापासून ऐकलाय. आमचं जुनं घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत होती. पाळण्याला झोका द्यावा लागत नसे, लूमच तो द्यायचे. खुणेकडे बघत होतो एवढं आठवतं. त्यानंतर मी, एका महत्त्वाच्या संशोधनाच्या ऐन मध्यावर, चक्क घोरायला लागलो.

मशीन थांबलं आणि मी दचकून जागा झालो. छाती धडधडत होती. कोणाचा हात अडकला, असं मी आत ओरडलो म्हणे. कारखान्यात सगळे लूम एकदम थांबले तर त्याचा अर्थ काही चांगला नसतो. एक तर लाइट गेलेली असते, नाही तर कोणाला तरी लागलेलं असतं. मुलगी धावत आली. लोक या आवाजाला भितात, काका, तुम्ही पहिलेच असे झोपलात, असं म्हणून ती हसली आणि तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागेल म्हणाली. मीही हसलो. कित्येक महिन्यांत अशी गाढ झोप लागली नव्हती.

बाहेर आलो तर दादा बाकावर बसला होता. गोफ गळ्यातच, कडं हातातच. फोटो झाला का, असं मी विचारलं. त्यांची माणसं भरली, आता नवीन घेत नाहीत, असं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं. मला आधी सुटल्यासारखं झालं, फोटोच नाही तर तुलना कसली. पण दादाचा चेहरा ठीक नव्हता. मी मुलीकडे गेलो. ती म्हणाली, त्यांच्याशी जे बोलायचं ते मी त्यांच्याशी बोलले आहे, काका, ते त्यांनाच विचारा. याहून एक अक्षर तिने सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी दादाच चालवत होता. कशेळीचा पूल गेला, काल्हेरची गोडाऊनं गेली. एरवी प्रत्येक गोडाऊनचं भाडं कोणाला किती मिळतं याची तो मला उजळणी देतो; त्या दिवशी त्याने नुसती गाडी हाकली. अंजूरफाट्यावरून घराकडे वळायच्या ऐवजी त्याने गाडी नारपोलीत घातली आणि एका कारखान्यासमोर उभी केली. आमचा नव्हे, आमचा तर कधीच पाडला. हा एका ओळखीच्या माणसाचा, अजून तग धरून असलेला. पाच मिनिटं टेकतो, एवढंच दादा म्हणाला आणि आत गेला.

दुपारी जेवण झालं की दादा नारपोलीला चक्कर मारतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गप्पा मारायला जातो, असं आम्ही धरून चाललो होतो. मी मागोमाग आत शिरलो तर तो लूमच्या रांगेच्या टोकाला, कापडाच्या ताग्यांच्या थप्पीवर आडवा झाला होता, डोळ्यांवर हात घेऊन. कडक पांढऱ्या कपड्यांना कापसाचे तंतू चिकटत होते. आणि त्या खडखडाटात तो शांत झोपला होता. एक म्हातारा कारागीर माझ्या कानाशी येऊन ओरडला, "सेठ तो रोज आते हैं. इधर ही सोते हैं. हम लोग जगाते नहीं."

मी एका पेटीवर बसून राहिलो. माझा भाऊ, मार्बलच्या बंगल्याचा धनी, रोज दुपारी परक्याच्या कारखान्यात झोप मागायला येत होता.

मग लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि दादा ताडकन उठून बसला, छातीवर हात ठेवून, अगदी मी मशीनमध्ये उठलो तसाच. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला मी दिसलो. आता लपवायला आवाजही उरला नव्हता.

"त्या पोरीनं विचारलां, झोप लागते का," तो म्हणाला. हळू बोलत होता; दादाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "मी बोललो, लागते. तर बोलली, कुठं लागते? मना असां कोनी कंदी विचारलंच न्हवतां. मंग सगलांच निघालां."

लूम विकायचा निर्णय त्याने घेतला होता. त्या दिवसापासून त्याला घरात झोप नाही. जेवण गोड लागत नाही. पहाटे गच्चीवर जाऊन बसतो, आणि तिथे नको नको ते मनात येतं. मुलीने त्याला सांगितलं होतं की निरोगींच्या गटात तुम्हाला घेता येणार नाही, तुम्ही आधी डॉक्टरांना भेटा, उशीर करू नका. हे सगळं सांगून झालं. मग त्याने माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"बघ रे बाला. मना काय झालंय का?"

वडील गेल्यापासून त्याच्या कपाळावर कोणी हात ठेवला नव्हता. कोण ठेवणार? कपाळ थंड होतं, घामाने ओलं होतं. हाताला काहीच लागत नव्हतं.

"हाय," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. लाइट आली, लूम धडाडून सुरू झाले, कारागीर आपापल्या जागी वळले. त्या आवाजात दादा माझ्या कानाशी वाकला. तुझ्या गोळ्या बंद करू नको, असं म्हणाला. मग म्हणाला, मलाही त्या डॉक्टरांकडे ने, पण घरात गुडघे दुखतात म्हणून सांग. मला हसू आवरेना. दादाही हसला, आणि हसता हसता रडला, आणि आम्ही दोघं म्हातारे ताग्यांवर बसून डोळे पुसत राहिलो. कारागिरांनी सभ्यपणे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात मी त्याला ठाण्याला नेलं. वहिनीने गुडघ्यांसाठी तेल काढून दिलं, ते दादाने मुकाट्याने बरोबर घेतलं. वाटेत तो सारखा विचारत होता, तिथे आपल्याकडचं कोणी भेटणार नाही ना, कोणी ओळखीचं दिसलं तर मी तुझ्यासोबत आलोय असं सांगायचं. मी हो हो म्हणत होतो. मला धास्ती होती, की हा दारातूनच परत फिरणार.

दवाखाना भरलेला होता. काउंटरवरच्या बाईने आम्हां दोघांकडे बघितलं आणि विचारलं, पेशंट कोण?

मी तोंड उघडणार, एवढ्यात दादा बोलला. लूमवर वाढलेला माणूस. त्याला वाटलं तो हळूच बोलतोय.

"मी," तो म्हणाला, आणि सगळ्या दवाखान्याने वळून बघितलं.